माथेरान: दस्तुरीलाच घोडा ठरवावा की पायी जावं?

पायवाट
मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर उतरलं रे उतरलं की 'बाजार लांब आहे, गाडी बंद आहे, घोडा घ्या' सुरू होतं. याच दिशाभुलीविरुद्ध मार्च 2025 मध्ये खुद्द माथेरानकरांनी बंद पाळला होता. तिथे कुणाशी काहीही ठरवू नये, या मताचा मी आहे. प्रवेशकराची पावती घ्या आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनच्या खिडकीवर स्वतः विचारा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, अमन लॉज-माथेरान शटल मात्र चालू असते. 'गाडी बंद' हे अर्धसत्य तिथूनच येतं. तिकीट नाही मिळालं तरी बाजार अडीच-तीन किलोमीटर, सावलीचा रस्ता, रमतगमत पाऊण तास.

टापा
पाऊण तास तरण्यांचा. सत्तरीच्या आजी, कडेवर पोर आणि दोन बॅगा असतील तर काय करायचं? गावात मोटारगाड्यांना बंदी आहे, सामानसुद्धा घोड्यावर नाहीतर डोक्यावर येतं. घोडेवाला म्हणजे फसवणारा, हे सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. दरफलक वाचा आणि रिकिबीत पाय घालण्याआधी ठरवा: कोणते पॉइंट, एकेरी की जाऊन-येऊन, थांबा किती. भांडणं होतात ती थांब्याच्या पैशांवरून.

पायवाट
आजींसाठी ई-रिक्षा आहे. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला तो योग्यच होता. माणसाने माणूस ओढणं थांबायलाच हवं. आणि घोडेवाल्यांच्या 'इतके पॉइंट दाखवतो'चा हिशेब बघा. शार्लोट तलावापुढे लॉर्ड्स, सेलिया, एको ओळीने लागतात, दोन पॉइंटांत काही मिनिटांचं अंतर. एका वाटेचे पैसे पॉइंटागणिक कशाला मोजायचे?

टापा
ई-रिक्षा मोजक्या आहेत, शनिवार-रविवारी रांग सरता सरत नाही. पॅनोरमा पॉइंट बाजारापासून चांगला लांब आहे, सूर्योदयाला अंधारात निघावं लागतं. तिथे घोडा हवाच. फक्त उतारावर अंग मागे आणि टाचा खाली ठेवा. पेव्हर ब्लॉकवर लाल चिखल बसला की नाल घसरते, अशा ठिकाणी उतरून चाला.

जांभा
चिखलाचं अगदी खरं, बुटांचंही तेच होतं. तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत. कड्याच्या टोकाला जांभ्याचा मुरूम सुटा असतो, फोटोसाठी कठडा ओलांडू नका. पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त बघून परतताना झाडीत लगेच अंधारतं, बॅटरी हवी. बाजारातली खरेदी परतीच्या वेळीच करा. हातात पिशवी दिसली की माकडं ओढतात, म्हणून चिक्की सॅकमध्ये. पावसाळ्यात ती सादळते: तुकडा मोडून बघा, कट्कन तुटला नाही तर घेऊ नका.

टापा
चिक्कीबद्दल वाद नाही. पण पायी फिरणाऱ्यांनी घोड्याच्या मागून चिकटून चालू नये, लाथ बसते. आवाज देऊन बाजूने पुढे जा, तेही डोंगराच्या अंगाने, दरीकडून नव्हे.