कोर्टाच्या निकालाने मतं फिरतात का? (ओबामाकेअरवरून पडलेला प्रश्न)

निशिगंध
मंडळी, राजकारणाचा धागा आहे म्हणून लगेच एकमेकांच्या अंगावर जाऊ नका प्लीज, खरंच शंका आहे. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला मध्यंतरी सिटिझनशिप मिळाली, तर काल फोनवर तो म्हणत होता की तिकडे निवडणूक जवळ आली की कोर्टात हेल्थकेअरची एखादी केस असतेच आणि टीव्हीवाले ओरडत बसतात की आता सगळं फिरणार. म्हणून मी २०१२ चं जरा वाचलं. २८ जूनला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा ओबामाकेअर (म्हणजे ओबामाने आणलेला आरोग्यविम्याचा कायदा) वाचवला आणि नोव्हेंबरात ओबामा ३३२ विरुद्ध २०६ इलेक्टोरल मतांनी निवडून आला. आता हे निकालामुळे झालं, का निकाल लागूनही झालं? कारण विरोधकांनाही चेव आला असणार ना. आपल्याकडे निकालपत्र कोण वाचतं हो, हेडलाईन बघायची आणि चहा प्यायचा. तिकडे राहणाऱ्यांनी सांगा, लोक खरंच मत बदलतात का?

डॅलसकर
मी तेव्हा इथेच होतो. त्या दिवशी ऑफिसात कुणी काम केलं असेल तर शपथ. सकाळी दोन मोठ्या चॅनेलांनी पट्टी चालवली की कायदा उडाला! झालं काय, की निकालाच्या पहिल्या भागात सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणतात, व्यापारावर नियंत्रणाचा जो अधिकार संसदेला आहे त्यात इन्शुरन्स घ्यायची सक्ती बसत नाही. रिपोर्टर तेवढं वाचून धावत सुटले. पुढे लिहिलं होतं की बसत नाही, पण दंड हा टॅक्स मानला तर चालतंय. म्हणजे घी देखा लेकिन बडगा नही देखा. आमच्या क्युबिकलमधल्या एकाने तर पेढे वाटल्यासारखे डोनट वाटले आणि दहा मिनिटांनी गप्प.

आता निशिगंध तुमचा प्रश्न. रॉबर्ट्स बुशने नेमलेले, त्यामुळे रिपब्लिकन लोकांना घरच्याच माणसाने दगा दिल्यासारखं झालं, आणि ओबामाच्या विरोधात उभ्या असलेल्या रॉमनीच्या प्रचाराला एका दिवसात ४० लाख डॉलरच्या वर पैसे आले. हरलेली बाजू खिसा मोकळा करते हा नियमच आहे. पण रॉमनीची गोची वेगळीच. त्याने स्वतः गव्हर्नर असताना २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सला असाच सक्तीचा कायदा केलेला. त्यामुळे ओबामाने टॅक्स लादला म्हणून बोंब मारावी तर मग तुम्ही काय लादलं होतं? त्याचा सल्लागार टीव्हीवर म्हणाला हा दंड आहे, टॅक्स नाही, आणि दोन दिवसांनी ४ जुलैला साहेब स्वतः म्हणाले कोर्ट म्हणतंय म्हणजे टॅक्सच. असा आयता मिळालेला मुद्दा हातातून घालवला.

आणि एक गंमत. निकालानंतर लगेच प्यू नावाच्या संस्थेने सर्व्हे केला तर जवळपास ४५ टक्के लोकांना एकतर निकाल काय लागला तेच माहीत नव्हतं किंवा उलटाच माहीत होता. एवढ्या बोंबाबोंबीनंतर! तेव्हा बेकारी ८ टक्क्यांवर होती हो, लोक नोकरीच्या काळजीत होते.

खडूस
कुणाचंही मत फिरत नाही. ज्याला जे द्यायचं ते त्याने आधीच ठरवलेलं असतं आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर कोर्ट महान, विरुद्ध लागला तर कोर्ट विकलं गेलं. कायदा मार्च २०१० मध्ये झाला, त्याच नोव्हेंबरात हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या, जो राग निघायचा तो तेव्हाच निघाला. २०१२ पर्यंत शिळ्या कढीला ऊत. चालू द्या.

सुलभाकाकू_ह्यूस्टन
खडूस, तुमचं नाव अगदी सार्थ आहे हो. पण निकालाचा जो दुसरा अर्धा भाग होता त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, तेव्हाही टीव्हीवर फार कुणी बोललं नाही. मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) वाढवायची राज्यांवर सक्ती करता येणार नाही, असं कोर्टाने ७ विरुद्ध २ ने म्हटलं. केंद्र सुरुवातीची तीन वर्षं नव्या लोकांचा सगळा खर्च देणार होतं, नंतरही ९० टक्के, तरी आमच्या टेक्सासने नको म्हटलं ते आजतागायत नकोच.

याचा अर्थ काय होतो ते सांगते. मी शाळेच्या कॅफेटेरियात काही वर्षं काम केलं, माझ्यासोबत एक बाई होती, इथलीच, जन्माने अमेरिकन, वय अठ्ठावन्न, नवरा वारलेला, गुडघे गेलेले आणि शुगर. तिचे तास कमी म्हणून पगार कमी. कायदा लिहिताना गृहीत धरलं होतं की गरिबीरेषेखालचे सगळे मेडिकेडमध्ये जातील, म्हणून मार्केटप्लेसची (या कायद्याने उघडलेला विमा विकत घ्यायचा बाजार) सबसिडी गरिबीरेषेच्या वरूनच सुरू केली. राज्याने मेडिकेड वाढवलं नाही तर खालची माणसं लटकली. म्हणजे तिने थोडं जास्त कमावलं असतं तर सरकारने मदत केली असती, कमी कमावते म्हणून काही नाही! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे, मुलाला पुन्हा पुन्हा विचारलं. ती इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायची.

मी तिला विचारलं होतं, तू मत कुणाला दिलंस? म्हणाली त्या दिवशी शिफ्ट होती. आता बोला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

निशिगंध
बाप रे काकू, हे माहीतच नव्हतं. म्हणजे ज्यांना फटका बसला ते मतदानालाच गेले नाहीत, आणि ज्यांना काही फरक पडत नव्हता त्यांनी देणग्या दिल्या? मग परिणाम शून्यच धरायचा का?

काळाकोट
शून्य नाही, पण तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत काही सापडणार नाही, काकूंनी सांगितलेल्या मेडिकेडच्या भागात सापडेल आणि तेही पाच-सहा वर्षांनी. कोर्टाने निर्णय राज्यांकडे टोलवला, आमदार ऐकेनात, तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून थेट मतपत्रिकेवर प्रश्न आणला. मेन राज्यात २०१७ ला ५९ टक्के हो. २०१८ ला आयडाहो, युटा, नेब्रास्का. २०२० ला ओक्लाहोमा आणि मिझुरी, २०२२ ला साउथ डकोटा. मेन सोडलं तर ही सगळी पक्की लाल, म्हणजे रिपब्लिकन राज्यं! म्हणजे तोच मतदार उमेदवार रिपब्लिकन निवडतो आणि मेडिकेडला हो म्हणतो. पक्षाचं नाव काढून नुसतं विचारलं की माणूस वेगळं बोलतो. मिझुरीत तर लोकांनी हो म्हटल्यावर विधिमंडळाने पैसेच मंजूर केले नाहीत, पुन्हा कोर्ट, जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लागू करा. कोर्ट, मग मतपेटी, मग परत कोर्ट असा फेरा.

दुसरी गोष्ट, निकालापेक्षा निकालाची भीती जास्त मतं हलवते. २०१८ मध्ये टेक्सासच्या पुढाकाराने २० राज्यांनी पूर्ण कायदाच रद्द करा म्हणून केस टाकली. तो गेला असता तर आधीपासून आजार असलेल्यांना विमा नाकारायची कंपन्यांना पुन्हा मोकळीक. वेस्ट व्हर्जिनियात डेमोक्रॅट सिनेटर मॅनचिनने प्रचाराच्या जाहिरातीत त्या दाव्याचा कागद बंदुकीने उडवला (खरंच, यूट्यूबवर बघा), कारण समोरचा उमेदवार त्या राज्याचा ॲटर्नी जनरल (सरकारचा मुख्य वकील) म्हणून त्या दाव्यात सामील होता. मॅनचिन जिंकला. मिझुरीचा रिपब्लिकन हॉलीही त्याच दाव्यात होता, तो मात्र डेमोक्रॅट मॅककॅस्किलला पाडून सिनेटमध्ये गेला, म्हणून मी छातीठोक काही सांगणार नाही. पण हाउसमध्ये डेमोक्रॅटांच्या ४० जागा वाढल्या आणि प्रचारभर हाच विषय होता. आणि जिल्हा कोर्टाचा निकाल कधी? १४ डिसेंबरला, मतदान होऊन महिना उलटल्यावर. पुढे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने ती केस फेटाळली, दावा करायचा तुम्हाला अधिकारच नाही म्हणून. कायदा वाचला. आठवतं का कुणाला? चेव त्यालाच येतो ज्याच्या हातातलं काढून घेतलंय.

अवांतर: आपल्याकडे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालच्या केसमध्ये म्हटलं की तातडीचे उपचार मिळणं हा कलम २१ मधला हक्क आहे. ट्रेनमधून पडलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. त्यावर कुठल्या उमेदवाराने कधी मत मागितल्याचं ऐकलंय?

डॅलसकर
काळाकोट, चेव कुणाला येतो ते वाक्य पटलं. मग २०२२ चा डॉब्सचा निकाल यात का नाही धरत? २४ जूनला गर्भपाताचा हक्क काढला आणि २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये, कॅन्ससमध्ये म्हणतोय मी, राज्यघटनेतून तो हक्क काढायच्या दुरुस्तीला ५९ टक्के लोकांनी नाही म्हटलं. जेमतेम सहा आठवडे.

खडूस
तो हेल्थकेअरचा विषय नाही, धर्माचा आहे. धागा भरकटवू नका.

सुलभाकाकू_ह्यूस्टन
आपोआप गर्भपात होऊन रक्तस्राव सुरू आहे आणि डॉक्टर आधी वकिलाला फोन लावतोय, अशा बाईला जाऊन सांगा की हा हेल्थकेअरचा विषय नाही. मी टेक्सासमध्ये राहते, मला नका शिकवू. ज्याचं जळतं त्याला कळतं.

खडूस
बरं काकू, मागे घेतो. पण कॅन्ससने उमेदवार कुठे बदलले फार? प्रश्नाला नाही म्हटलं, बस.

काळाकोट
अहो तेच तर मी वर लिहिलंय. तुम्ही माझ्याशी सहमत होताय, सांभाळा.

निशिगंध
सगळ्यांचे आभार, धागा काढल्याचं सार्थक झालं. भावाला लिंक पाठवली. त्याचं म्हणणं, त्याला कोर्टाबिर्टाचं काही नाही, त्याचे आईबाबा, म्हणजे माझे मावशी-काका, ग्रीन कार्डवर तिकडे जातायत आणि पाच वर्षं झाल्याशिवाय त्यांना मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा) विकतसुद्धा घेता येत नाही, तोवर मार्केटप्लेसचाच प्लॅन घ्यावा लागणार, म्हणून तो कायदा राहतो का जातो एवढंच तो बघतो. मी विचारलं मग मत कुणाला दिलंस, तर विषय बदलला. मावशीला विचारून बघतो.