हमीदर, करसवलत की लिलाव: अक्षय ऊर्जेसाठी तुलना कशी करावी?

प्रश्न: अक्षय ऊर्जेसाठी कोणते सरकार वीजखरेदीचा हमीदर देते, कोणते करसवलत, तर कोणते लिलाव पुकारून सर्वांत कमी दराने वीज देऊ करणाऱ्याला कंत्राट देते. खर्च अखेर ग्राहकावर किंवा करदात्यावरच पडणार असेल, तर तुलनेचा निकष कोणता असावा?

प्रतिसाद १: जोखीम कोणाच्या माथी येते, हे आधी पाहावे. जर्मनीने २००० च्या कायद्याने २० वर्षांचा ठरावीक दर दिल्यामुळे बँका निर्धास्तपणे कर्ज देऊ लागल्या आणि छपरावर सौर पॅनेल बसवणारा सामान्य माणूसही वीजउत्पादक झाला. मात्र पॅनेलच्या किमती ज्या झपाट्याने उतरल्या, त्या झपाट्याने नव्या प्रकल्पांचा हमीदर उतरला नाही आणि फरकाचा बोजा अधिभार म्हणून वीजबिलात आला.

प्रतिसाद २: करसवलत कशावर आहे, हेही महत्त्वाचे. भारतात पवनचक्क्यांवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा (यंत्राच्या किमतीतली घट, जी करपात्र नफ्यातून वजा होते) दाखवता येत असे, म्हणजे चक्की फिरली काय नि न फिरली काय, कर वाचलाच! म्हणूनच २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्मितीवर युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली. अमेरिकेची १९९२ ची सवलत युनिटमागेच होती, पण मुदतवाढ रखडली की नवी उभारणी कोसळत असे.

प्रतिसाद ३: लिलावात दर उतरतो खरा, पण अवास्तव कमी बोली लावणारा प्रकल्प पुढे कागदावरच राहतो. त्यामुळे जाहीर दराऐवजी प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या क्षमतेची तुलना करावी, आणि लहान उत्पादकांना लिलावाच्या सक्तीतून सूट द्यावी.