मदत हवी आहे : घाटात गाडी लागणारी कुत्री आणि तोरणमाळची सहल

आम्ही जळगावचे. दीड महिन्यापासून निवारा केंद्रातली एक गावठी कुत्री घरी सांभाळतोय, कायमचं घर मिळेपर्यंत. वय अंदाजे 3 वर्षं, वजन 14 किलो. रेबीजसह सगळ्या लसी झाल्यात, नसबंदीचे टाकेही निघालेत. बाहेरगावी न्यायची परवानगी केंद्राकडून घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात चोपडा-शिरपूर-शहादा मार्गे तोरणमाळला दोन दिवस जायचंय. सोबत सासूबाई आणि दोन मुलं. तिला मागे ठेवणं जमणार नाही. शेजाऱ्यांकडे एक रात्र ठेवली, तर पहाटेपर्यंत दाराशी बसून रडत होती बिचारी.

अडचण एकच, तिला गाडी लागते. आधी लाळ गळते, मग ती सारखी ओठ चाटते आणि दहा मिनिटांत उलटी. निघायच्या चार तास आधी जेवण बंद केलं, काच थोडी खाली ठेवली, रोज मेहरूण तलावापर्यंत फेरी मारली. सपाट रस्त्यावर आता बरीच सुधारणा आहे, पण सातपायरी घाटाच्या वळणांची धास्ती वाटते. डॉक्टरांनी तपासून उलटीची गोळी दिली आहे. गुंगीचं औषध मात्र आम्हाला द्यायचं नाही.

गाडी पाच सीटची आहे, पिंजरा ठेवला तर एक मूल मांडीवर घ्यावं लागेल, आणि ते घाटात नको वाटतं. कुत्र्याला घेऊन हा घाट चढलेल्यांनी सांगा : सीटच्या पट्ट्याला हार्नेस अडकवून मागे बसवलं तर वळणांवर ती स्थिर राहील का, की पुढच्या सीटमागे खाली पायाशी बसवणं बरं?