निक्सन यांच्या ध्वनिफिती: खासगी मालमत्ता की देशाचे दप्तर?

मोडीवाचक (धागाकर्ता)

कारभार सोडताना राज्यकर्त्याने दप्तरही सामानाबरोबर घरी न्यावे, ही कल्पना आज कोणालाही खटकेल. परंतु अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून रिचर्ड निक्सन यांच्यापर्यंत हीच वहिवाट होती. राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता मानली जाई. अब्राहम लिंकन यांचे कागद त्यांच्या मुलाने घातलेल्या अटीमुळे थेट १९४७ साली अभ्यासकांना पाहायला मिळाले, म्हणजे हत्येनंतर ८२ वर्षांनी. चेस्टर आर्थर यांचे बहुतेक कागद त्यांच्याच सांगण्यावरून जाळले गेले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये आपले कागद सरकारच्या हवाली करण्याची आणि त्यासाठी हाइड पार्क येथे ग्रंथालय उभारण्याची प्रथा सुरू केली खरी, परंतु तीही देणगीच होती, आणि देणगीत काय द्यायचे व काय मागे ठेवायचे हे देणाराच ठरवतो.

या वहिवाटीची खरी कसोटी १९७४ मध्ये लागली. वॉटरगेट प्रकरणामुळे (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) निक्सन यांनी ९ ऑगस्टला राजीनामा दिला, तेव्हा मागे सुमारे ४ कोटी २० लाख पाने आणि त्यांच्या संभाषणांच्या ८८० ध्वनिफिती उरल्या होत्या. ८ सप्टेंबरला नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली आणि त्याच दिवशी एक करारही जाहीर झाला. सामान्य सेवा प्रशासन या सरकारी मालमत्ता व अभिलेख सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख आर्थर सॅम्पसन यांच्याशी झालेल्या या करारानुसार सर्व सामग्रीची मालकी निक्सन यांची राहणार होती, आणि ध्वनिफिती १ सप्टेंबर १९८४ रोजी किंवा निक्सन यांच्या मृत्यूनंतर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, नष्ट करायच्या होत्या. निक्सन वारले १९९४ मध्ये. म्हणजे करार टिकला असता, तर त्यांच्या हयातीतच फितींची राख झाली असती. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, डिसेंबर १९७४ मध्ये खास कायदा करून ही सामग्री सरकारच्या ताब्यात ठेवली. निक्सन न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी हरले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या अभिलेखांचा सर्वसाधारण कायदा झाला आणि २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रोनाल्ड रेगन यांच्यापासून, या कागदांवर जनतेची मालकी आली.

माझे मत असे की, सार्वजनिक पदाच्या कामकाजातून जन्मलेला कागद पहिल्या अक्षरापासून जनतेचा असतो. तो मागाहून देण्या-घेण्याचा विषयच नाही. १९७८ चा कायदा चांगला होता, एवढेच की तो दीडशे वर्षे उशिरा आला.

पश्चिमवारा

आपली मांडणी नेटकी आहे, परंतु तिच्या पायातच एक अडचण आहे. ज्या फिती वाचल्या म्हणून आपण आनंद मानतो, त्या मुळात अस्तित्वात का आल्या? फेब्रुवारी १९७१ मध्ये निक्सन यांनी ओव्हल ऑफिसमध्ये ध्वनिमुद्रण यंत्रणा बसवून घेतली. पाच मायक्रोफोन मेजात, दोन शेकोटीजवळच्या दिव्यांत. आवाज झाला की यंत्र आपोआप सुरू होई. पुढे दुसरे कार्यालय, दूरध्वनी आणि कॅम्प डेव्हिड यांचीही भर पडली आणि जुलै १९७३ पर्यंत सुमारे ३,७०० तासांचे संभाषण साठले. निवृत्तीनंतर आठवणी लिहिताना हे सगळे आपल्या हाताशी असेल आणि दुसरा कोणी त्याला शिवणार नाही, या खात्रीवर त्यांनी हे केले. ती खात्री नसती, तर एक तासही मुद्रित झाला नसता.

म्हणजे खासगी मालकीच्या समजुतीनेच इतिहासाला हा ठेवा दिला. त्यानंतर कार्यालयातला प्रत्येक शब्द अशा रीतीने टिपणारी यंत्रणा कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने बसवल्याचे पुढे आलेले नाही. कायद्याने दप्तरावर जनतेचे नाव घातले आणि शहाण्या माणसांनी दप्तरात लिहिणेच कमी केले. आपण कुलूप पक्के केले, पण तिजोरी रिकामी होत गेली.

आणखी एक गोष्ट आपण गाळली आहे. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ही सामग्री काढून घेतल्याबद्दल निक्सन भरपाईस पात्र आहेत असा निर्णय दिला, आणि २००० साली त्यांच्या वारसांना १ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड झाली. जी वस्तू पहिल्यापासून जनतेची होती, तिची किंमत जनतेनेच कशासाठी मोजावी?

तळटीप

पश्चिमवारा यांचा युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यातला कालक्रम उलटा लागला आहे. ध्वनिमुद्रण १९७८ च्या कायद्याने थांबले नाही. १६ जुलै १९७३ रोजी निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे यंत्रणेचे अस्तित्व उघड केले आणि काही दिवसांतच ती बंद झाली. तेव्हा कागद अजून खासगीच होते. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा मतांनी फिती वॉटरगेट प्रकरणाच्या विशेष अभियोक्त्याच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला, तेव्हाही मालकीचा कायदा झालेला नव्हता. फौजदारी खटल्यातला समन्स खासगी मालकीच्या कपाटालाही लागू होतो. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी धसका घेतला असेल तर तो न्यायालयाचा, अभिलेखागाराचा नव्हे. उद्या कायदा रद्द करून कागद पुन्हा खासगी केले, तरी कोणी मेजात मायक्रोफोन बसवणार नाही.

भरपाईचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो वहिवाटीचा दोष आहे. दोन शतके कोणी हटकले नाही म्हणून सरकारी जागेवरचे अतिक्रमण मालकीचे ठरावे, तसा तो निकाल मला वाटतो. (आमच्या गावातील गायरानाचा इतिहास आठवला, असो.)

खासगी मालकीतून काय काय निपजते याचे उदाहरण खुद्द निक्सन यांनीच घालून दिले आहे. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील आपले कागद त्यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराला 'दान' केले आणि त्यांची किंमत ५ लाख ७६ हजार डॉलर लावून प्राप्तिकरात वजावट मागितली. अशी वजावट देणारी तरतूद २५ जुलै १९६९ नंतरच्या देणग्यांना लागू नव्हती; दानपत्र तयार झाले १९७० मध्ये, आणि त्यावर तारीख घातली गेली १९६९ च्या मार्चची. १९७४ मध्ये कर खात्याने ती वजावट नाकारली. जनतेच्या पगारावर बसून लिहिलेले कागद जनतेलाच दान करायचे आणि वर करही वाचवायचा!

मोडीवाचक

तळटीप यांचे आभार. मी केवळ एका फितीकडे लक्ष वेधतो. १७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोर पकडले गेले. २० जूनला निक्सन आणि त्यांचे कार्यालयप्रमुख हॅल्डमन यांच्यात बोलणे झाले. त्या फितीवर साडेअठरा मिनिटे फक्त गुणगुण ऐकू येते. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी सांगितले की, फीत उतरवून घेताना दूरध्वनी वाजला, तो घेताना चुकून मुद्रणाची कळ दाबली गेली आणि पाय पेडलवर तसाच राहिला. त्यांनी कबुली दिली ती सुमारे पाच मिनिटांची. हे घडले कसे ते दाखवतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: एक पाय पेडलवर आणि शरीर ताणून दुसऱ्या टोकाच्या दूरध्वनीकडे नेलेला हात. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांना फितीवर किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसल्याच्या खुणा आढळल्या. राष्ट्रीय अभिलेखागाराने या शतकाच्या आरंभी नव्या तंत्राने तो आवाज परत मिळवण्याचा प्रयत्न केला, पण २००३ मध्ये तो सोडून द्यावा लागला.

ती साडेअठरा मिनिटे अभिलेखागारात पुसली गेली नाहीत. 'मालकाच्या' ताब्यात असताना पुसली गेली. त्या बैठकीचे आज जे हाती आहे ते हॅल्डमन यांनी पिवळ्या कागदावर हाताने केलेले टिपण. तिजोरी रिकामी होण्याची चिंता वाटते, पश्चिमवारा, तर आधी हे भोक पाहा.

गोदाकाठ

या चर्चेत आपलाही एक धागा आहे. ४ आणि ५ नोव्हेंबर १९७१ रोजी इंदिरा गांधी वॉशिंग्टनमध्ये निक्सन यांना भेटल्या. ५ तारखेच्या सकाळी, दुसऱ्या भेटीपूर्वी, निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर आदल्या दिवसाची उजळणी करत बसले होते, ते संभाषण फितीवर आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने २००५ मध्ये त्याचे लेखी रूप प्रसिद्ध केले, तेव्हा इंदिराजींना वापरलेल्या 'म्हातारी चेटकीण' या शब्दांवरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला आणि किसिंजर यांनी खेद व्यक्त केला.

मी त्या काळातील काही मुद्रणे कानाला हेडफोन लावून ऐकली आहेत. कपबशा किणकिणतात, कोणी खुर्ची सरकवतो, दोन माणसे एकाच वेळी बोलतात, आणि नेमके महत्त्वाचे वाक्य मेजावरच्या कागदांच्या सळसळीत बुडून जाते. तीच दोन मिनिटे चार वेळा ऐकूनही एक शब्द मला लागला नाही, आणि छापील प्रतीतही तेथे 'अस्पष्ट' एवढेच होते. ध्वनिफीत म्हणजे सत्य हातात आले, असे मानणाऱ्यांनी एकदा हा अनुभव घ्यावा.

माझे मत दोन्ही बाजूंना पूर्ण पटणार नाही. या फिती खुल्या झाल्या हे योग्यच, कारण पूर्व पाकिस्तानातील हत्याकांडाबाबत अमेरिकेने पाळलेल्या मौनाचा निषेध करणाऱ्या, ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी पाठवलेल्या तारेकडे वरिष्ठांनी दुर्लक्ष का केले, हे नुसत्या सरकारी कागदांवरून इतके स्वच्छ कळले नसते. पण खुल्या झाल्यावर आपण त्यांतून उचलले काय, तर शिवी! त्याच संग्रहात डिसेंबर १९७१ मधील संभाषणे आहेत, ज्यांत जॉर्डन आणि इराणमार्गे पाकिस्तानला अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने पोहोचवण्याचा विचार चालला आहे, आणि ते कायद्यात बसत नाही हे बोलणाऱ्यांना ठाऊक आहे. शिवीपेक्षा कितीतरी गंभीर बाब आहे ही, आणि तिची चर्चा त्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांत मला क्वचितच दिसली.

पश्चिमवारा

तळटीप यांनी कालक्रमाबाबत केलेली दुरुस्ती मी स्वीकारतो. धसका न्यायालयाचा होता हे बरोबर. पण त्यामुळे माझा मूळ मुद्दा ढळत नाही, कारण राज्यकर्त्याला आपल्या टिपणाची भीती वाटू लागली की टिपण थांबते, मग भीती कोणाचीही असो.

गोदाकाठ यांच्या १९७१ च्या उदाहरणाचीच दुसरी बाजू पाहू. त्याच काळात भारताच्या बाजूने काय ठरत होते हे अभ्यासकांना बऱ्याच अंशी कळले ते पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. एन. हक्सर यांच्या कागदांमुळे, आणि ते दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात खासगी संग्रह म्हणून आले. सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आपल्याकडे १९९३ पासून आहे, तरीही १९६२ च्या युद्धावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. सरकारी मालकी म्हणजे जनतेची मालकी, हे समीकरण इतके सरळ आहे का? किसिंजर यांनीही आपल्या दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी खासगी म्हणून ठेवल्या, आणि त्या अखेर अभ्यासकांच्या हाती आल्याच.

तळटीप

'अखेर' हा शब्द येथे फार काम करतो आहे. किसिंजर यांचे सचिव दुसऱ्या जोडावरून ऐकून सरकारी वेळेत हे टंकलेखन करत. १९७६ मध्ये किसिंजर यांनी त्या नोंदी खासगी देणगी म्हणून अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परत मागवण्यास नकार दिला, आणि सुमारे २०,००० पाने लोकांसमोर आली ती २००४ मध्ये. तोवर किसिंजर यांच्या आठवणींचे खंड छापून, विकून, ग्रंथालयांच्या फळ्यांवर जुने झाले होते. स्वतः कागद पाहून लिहायचे आणि खोडून काढणाऱ्याला ते पाहू द्यायचे नाहीत, ही खासगी मालकीची खरी किंमत आहे.

हक्सर यांचे कागद जतन झाले ते हक्सर व्यवस्थित गृहस्थ होते म्हणून. महाराष्ट्रात वाड्यांच्या माळ्यांवरचे दप्तर इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारख्यांच्या हाती लागण्याआधी किती वाण्याच्या पुड्यांना गेले, याचा विचार करावा. सरकार कागद दाबून ठेवते, हे खरेच. पण दाबलेला कागद मागता येतो. १९७८ च्या कायद्यात पाच वर्षांनंतर मागणी करता येते, आणि काही वर्गांतील कागद जास्तीत जास्त बारा वर्षे रोखता येतात. राष्ट्रीय सुरक्षेचे मात्र वेगळे. मुदत पाळली गेली नाही तर खटला भरता येतो. वारसाच्या माळ्यावर खटला भरता येत नाही.

जुने दप्तर

उशिरा येतो आहे. निक्सन यांच्या आधीचे उदाहरण कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. लिंडन जॉन्सन यांनीही दूरध्वनी संभाषणे प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मुद्रित करवून घेतली होती. जानेवारी १९७३ मध्ये ते वारल्यानंतर त्या पट्ट्या ऑस्टिनच्या ग्रंथालयाकडे आल्या, आणि सोबत त्यांची इच्छाही आली की पन्नास वर्षे त्यांना कोणी हात लावू नये. ग्रंथालयाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या उघडायला घेतल्या, कारण पट्ट्या खराब होत चालल्या होत्या आणि २०२३ ची वाट पाहिली असती तर उघडायला काही उरले असते की नाही याची शंका होती. मृताच्या शब्दाला जागावे की त्याचा आवाज वाचवावा, असा तो पेच होता.

त्या पट्ट्यांत ९ ऑगस्ट १९६४ चे एक संभाषण आहे. दोनच दिवसांपूर्वी काँग्रेसने टोंकिन आखाताचा ठराव संमत करून व्हिएतनाममधील युद्धाला मोकळी वाट दिली होती. जॉन्सन एका कापड उद्योजकाला दूरध्वनी करून विजारी मागवतात: खिसे इंचभर खोल करा, बसलो की सुटे पैसे आणि चाकू बाहेर पडतात, आणि जांघेत थोडी जागा ठेवा. हे सांगताना मध्येच ते ढेकर देतात.

१९७८ च्या कायद्यात पदाच्या कर्तव्याशी संबंध नसलेला मजकूर 'वैयक्तिक' ठरतो आणि तो जनतेचा होत नाही. त्या व्याख्येने हा दूरध्वनी माझ्या मते जॉन्सन यांच्या घरी परत गेला असता. मोडीवाचक 'पदाच्या कामकाजातून जन्मलेला कागद' म्हणतात, त्यात तो बसत नाही. पश्चिमवारा म्हणतात तसा तो खासगी राहिला असता, तर आजही एखाद्या पेटीत वितळत पडला असता. माझ्यापुरते सांगतो, त्या आठवड्यातील जॉन्सन मला ठरावाच्या छापील मसुद्यात दिसले नाहीत, ते या विजारींच्या मापात दिसले.