पोळ्याचे बैल मुलांनाच घडवू द्या

ताई, सोसायटीतल्या मुलांना पोळा समजावा म्हणून रंगवायला छापील चित्रं द्यावीत, असं तुम्ही सुचवलंत. मला मात्र माती हवीच वाटते. नाशिकच्या बाजारात तयार बैलजोड्या मिळतात, पण स्वतः घडवलेल्या बैलाची माया वेगळी. चाळलेली माती भिजवून भरपूर मळायची, वशिंड ठसठशीत काढायचं, सावलीतच वाळवायचं (उन्हात तडे जातात), मग गेरू आणि चुना. मुलं खांदा घडवत असतानाच खांदेमळणी सांगा: पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेले खांदे हळद-तुपाने चोळतात आणि बैलाला म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ श्रावण अमावास्येला त्याच्या मानेवर जू नाही, पुढ्यात पुरणपोळी. झुलीला जुन्या खणाचे तुकडे छान दिसतील.