ड्रॅगन बॉल कुठून सुरू करावं, कुठल्या क्रमाने बघावं? अनुभव लिहा

माझी भाची यंदा आठवीत गेलीय आणि तिला ड्रॅगन बॉल (गोकू नावाच्या लढवय्याची जपानी कार्टून मालिका) अगदी पहिल्यापासून बघायचंय. मी लहानपणी कार्टून नेटवर्कवर झेड (मूळ मालिकेच्या पुढची मालिका) बघितलंय, पण क्लास, परीक्षा आणि लाइट जाणं यातून जेवढं मिळालं तेवढंच. आता यादी काढायला बसले तर ड्रॅगन बॉल, झेड, काई, जीटी, सुपर, दाईमा आणि वर ढीगभर पिक्चर. तुम्ही कसं बघितलंत? नुसती यादी नको, तो क्रम का भावला तेही लिहा. स्पॉयलर येणारच, न बघितलेल्यांनी जपून वाचा.

---

१९८६ च्या मूळ ड्रॅगन बॉलपासून सुरू करा, झेडपासून नको. आपल्या पिढीने बहुतेक सगळ्यांनी झेडपासूनच बघितलं कारण टीव्हीवर तेच लागायचं, मीही तसंच, आणि मूळ १५३ भाग कॉलेजला गेल्यावर बघितले तेव्हा कळलं की आपण अर्धी गोष्टच बघत होतो. मुळात ज्या मांगावरून (जपानी कॉमिक) मालिका झाली त्या अकिरा तोरियामांच्या मांगामध्ये झेड असं काही वेगळं नाहीच, १९८४ ते १९९५ एकच सलग गोष्ट, ४२ खंड. टीव्हीवरही जुनी मालिका १९ एप्रिल १९८९ ला संपली आणि पुढच्याच बुधवारी झेड चालू झालं, म्हणजे जपानी पोरांना मध्ये एक आठवड्याचीसुद्धा गॅप नव्हती. पिकोलोचंच बघा ना, झेडपासून सुरू केलं तर तो नुसता एक चिडका हिरवा माणूस वाटतो. पण ज्याने आधी पिकोलो दाईमाओ हा खलनायक बघितलाय, गोकूचा मित्र क्रिलिन याचं मरण बघितलंय, गोकूचा म्हातारा गुरू कामेसेन्निन स्वतःचा जीव देतो ते बघितलंय, मग त्याच दाईमाओचा मुलगा आणि गोकू यांची तेविसाव्या टूर्नामेंटची फायनल बघितलीय, त्याला झेडमध्ये तोच पिकोलो गोकूच्या छोट्या मुलाला, गोहानला, वाचवायला नॅपा या शत्रूच्या हल्ल्यासमोर उभा राहतो तेव्हा काय होतं ते शब्दात सांगता येणार नाही. मी तो भाग झेडमध्ये शाळेत असताना बघितला होता, तेव्हा वाईट वाटलं होतं. जुनी मालिका संपवून परत बघितला तेव्हा रडलो.

---

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक मात्र सांगते, आठवीतली मुलगी आहे म्हणून: जुन्या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत कामेसेन्निनचे आचरट विनोद बरेच आहेत, आज ते खटकतात. मी मुलासोबत बसून बघितलं आणि मध्ये थांबवून त्याच्याशी बोलले. त्यापायी मालिका सोडू नका. रेड रिबन आर्मी या खलनायकांच्या फौजेपासून जी पकड घेते ती शेवटपर्यंत सुटत नाही.

---

जुनी मालिका झाली की झेड न बघता थेट काई. ज्यांना नोकरी आहे, घर आहे त्यांना २९१ भाग कुठून झेपणार? काई म्हणजे झेडच, २००९ पासून नव्याने एडिट केलेलं, मांगात नसलेला बराचसा मालमसाला काढलेला, शेवटचा खलनायक बू याच्यापर्यंत सगळं धरून एकशे साठच्या आसपास भाग. त्यावेळी अ‍ॅनिमे दर आठवड्याला आणि मांगाही दर आठवड्याला, मग मांगा पुढे जाईपर्यंत वेळ काढायला लागायचा, म्हणून खलनायक फ्रीझा म्हणतो नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटेल आणि ती पाच मिनिटं भागामागून भाग चालूच राहतात. काईमध्ये ती लढाई श्वास रोखून बघितली मी. रात्री जेवण झालं की बायको आणि मी दोघं बसायचो, तिने आधी एकही अ‍ॅनिमे बघितलं नव्हतं आणि नामेकला पोचेपर्यंत तीच म्हणायला लागली की अजून एक लाव.

---

काई चांगलं आहे मान्य, पण त्यात गोकू आणि पिकोलो गाडीचं लायसन्स काढायला जातात तो भाग नाही. माझ्यासाठी तो झेडमधला सगळ्यात लाडका भाग, एकेकाळचे जानी दुश्मन शेजारी शेजारी ड्रायव्हिंग शिकतायत. शिवाय शुन्सुके किकुचींचं संगीत जुन्या झेडमध्ये जिथे जसं बसलंय तसंच मला हवं असतं. गार्लिक ज्युनियर या खलनायकाचे १०८ ते ११७ भाग खुशाल सोडा, बाकी झेडच बघा. सुट्टीतल्या मुलीला वेळच वेळ आहे, तिला घाई कशाला?

---

पिक्चरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. झेडच्या काळातले १३ पिक्चर कथेच्या ओळीत बसत नाहीत, तेव्हा ते कधीही बघा, नाही बघितले तरी काही अडत नाही. पण १९९३ चा ट्रंक्सवरचा टीव्ही स्पेशल चुकवू नका. तो झेडमधल्या सेल या खलनायकाची गोष्ट पूर्ण झाल्यावर बघायचा. ट्रंक्स भविष्यातून आलाय, तिथे सगळे मेलेत हे तोवर आपल्याला माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि एका हाताचा गोहान त्या पोराला मागे ठेवून एकटा लढायला जातो ते बघणं वेगळं. मी हॉस्टेलवर मैत्रिणींसोबत बघितला होता, संपल्यावर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. त्यानंतर सुपरमधला ट्रंक्सचा आर्क (कथाभाग) बघताना तो मुलगा आपल्या घरचा वाटतो.

---

सुपरचा घोळ असा की पहिले २७ भाग म्हणजे बॅटल ऑफ गॉड्स (२०१३) आणि रिझरेक्शन एफ (२०१५) याच दोन पिक्चरची गोष्ट लांबवून परत सांगितलीय आणि सुरुवातीचं अ‍ॅनिमेशनही कच्चं आहे. मी धाकट्या भावाला दोन्ही पिक्चर दाखवले आणि सुपर २८ व्या भागापासून लावलं, तो कुठेच अडला नाही. तिथून १३१ पर्यंत एकही भाग गाळू नका. मग २०१८ चा ब्रोली, हा १९९३ च्या ब्रोलीपेक्षा वेगळा, तोरियामांनी स्वतः नव्याने लिहिलेला. मग सुपर हिरो. हा भारतात थिएटरला लागला होता तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो, आणि त्यातही पिकोलो-गोहान आहेत, म्हणजे वर ज्यांनी जुन्या मालिकेपासून सुरू करा म्हटलंय त्यांचंच खरं.

---

दाईमा कथेच्या हिशोबाने बू नंतर लगेच, सुपरच्या आधी येतं, तरी मी ते सगळ्यात शेवटी बघायला सांगेन. त्यातलं एक रूप सुपरमध्ये कुठेच दिसत नाही, त्यामुळे मध्येच बघितलं तर नवा माणूस गोंधळतो. आणि तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले, दाईमा त्याच ऑक्टोबरमध्ये आलं, २० भाग, गोष्ट त्यांची, पात्रांची चित्रंही त्यांची. सगळं बघून झाल्यावर त्यातला पुन्हा लहान झालेला गोकू बघताना जे वाटतं ते मध्येच बघून वाटणार नाही. जीटी मूळ मांगावर नाही आणि सुपरशी जुळतही नाही, ते हवं तर झेडनंतरचा वेगळा फाटा म्हणून बघा. त्याचा शेवटचा भाग मात्र मनापासून केलेला आहे.

---

धागाकर्ती, अजून एक. झेडचे शेवटचे दोन-तीन भाग बू मेल्यानंतर दहा वर्षांनी घडतात आणि सुपर त्या दहा वर्षांच्या आत बसतं. काही जण ते भाग सुपरनंतर बघा म्हणतात. भाचीला तसं करायला लावू नका, आले तसे बघू दे. उब नावाचा मुलगा आणि गोकू यांची भेट झेडचा शेवट म्हणूनच लिहिली गेलीय, ती तिथेच शोभते.