मायटोकॉन्ड्रिया आणि डेव्हिड नट प्रकरण

ब्रिटनमध्ये विज्ञानाबद्दल लोकांचं मत घेणं म्हणजे निव्वळ देखावा, असं म्हटलं जातं. मला ते सरसकट पटत नाही. मायटोकॉन्ड्रियाचंच, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म भागाचंच घ्या. आईकडून बाळाकडे जाणारे काही जीवघेणे आजार टाळायला दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातला निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरायचा, असं ते तंत्र. वर्तमानपत्रांनी 'तीन पालकांचं बाळ' म्हणून बोंब ठोकली. प्रत्यक्षात दात्या बाईकडून येतात ती जेमतेम ३७ जनुकं. बाकी सगळा वारसा आईबापांचाच.

२०१२ मध्ये प्रजनन-उपचारांच्या नियामक संस्थेने आधी सामान्य लोकांशी सल्लामसलत केली. मग ३ फेब्रुवारी २०१५ ला कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, या तंत्राला परवानगी देण्यावर पक्षादेशाविना मतदान झालं: बाजूने ३८२, विरोधात १२८. चर्चेला दीडच तास दिला, हे मात्र मलाही खटकतं. २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या चमूने या तंत्राने आठ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं.

पण मतं जायची भीती असली की हेच राजकारणी कच खातात. अंमली पदार्थांवरच्या सरकारी सल्लागार मंडळाचे अध्यक्ष प्रा. डेव्हिड नट यांनी २००९ मध्ये सांगितलं, की दारू आणि तंबाखू एक्स्टसी या अंमली पदार्थापेक्षा जास्त घातक आहेत. गृहमंत्री अ‍ॅलन जॉन्सन यांनी त्यांना घरी बसवलं. पाठोपाठ मंडळातल्या आणखी काही शास्त्रज्ञांनी राजीनामे दिले.

आणि हो, 'हुजूर पक्षच तेवढा विज्ञानाचा वैरी' असं म्हणणंही जमत नाही. नट प्रकरण मजूर पक्षाच्या राज्यातलं, अन् २०१५ चं मतदान हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या आघाडीच्या.